ठोके लागेनात

हे लिहायचं होतं माझ्या नातीनं, ऋतुजानं. तिच्यावर गुदरलं, तिनंच सांगावं. पण ती म्हणाली, "आज्जी, मी दोन ओळी लिहिल्या की पुढचं दिसंना होतंय. तू लिही. तुला कुणाची भीड न्हाय."

भीड नाही हे खरंच. माझा उभा जन्म ईट गावात पिठाची गिरणी चालवण्यात गेला. तिथं ओरडूनच बोलावं लागतं, आणि ओरडणाऱ्या बाईला भीड परवडत नाही. कान मात्र त्या गिरणीनं खाल्ले. तेव्हा ह्यात कुणाचं बोलणं मी वाकडं ऐकलं असेल तर सांभाळून घ्या.

ज्या पोरीचं लेकरू पोटातच गेलं तिच्यासाठी हे आहे. आणि तिच्याहून जास्त तिच्या आईसाठी, सासूसाठी, बापासाठी. जिला आत्ता दिवस गेलेत तिनं हे आज वाचू नये. काहीतरी चांगलं खावं आणि डाव्या कुशीवर झोपून टाकावं.

गाठी

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ऋतुजा सातव्यातच आमच्याकडं आली. तिचं सासर सोनारी, पण नवरा अक्षय पुण्याला कंपनीत. नववा लागला तसं तिचं बीपी वाढायला लागलं. गावातल्या सिस्टरनं सांगून ठेवलं होतं, "कळा सुरू झाल्या की इथं थांबायचं न्हाय. सरळ धाराशिवला न्यायचं." आम्ही म्हातारी माणसं तोंडानं अजून उस्मानाबादच म्हणतो, पण गेलो धाराशिवलाच.

सकाळी तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि चौकटीला धरून उभी राहिली. मी ओळखलं. तिची आई, म्हणजे माझी सून सुनंदा, तिनं पण ओळखलं. आणि पहिलं काम काय केलं? घरातल्या गाठी सोडायला लागली. बाळंतीण अडू नये म्हणून आमच्याकडं बांधलेलं सगळं मोकळं करतात. केस सोडायचे, पोत्यांची तोंडं सोडायची, डब्यांची झाकणं काढायची, पेट्या उघडायच्या. तिकडं माझा पोरगा दत्ता जीप दारात लावून हॉर्न वाजवतोय, आणि इकडं ही हळदीच्या डब्याचं झाकण काढतेय.

मी तिला हसले, पण मला हसायचा हक्क नव्हता. माझ्या पहिल्या खेपेला सासूबाईंनी गोठ्यातली दावीसुद्धा सोडली होती. वासरानं गाईचं सगळं दूध पिऊन टाकलं आणि बैल शेजाऱ्याच्या कडवळाच्या हिरव्या चाऱ्यात शिरला. मी तेव्हा सतराची. अक्कल इतकी, की मला वाटायचं माणसाला बेंबी असते ती त्याच कामासाठी. कळा वाढल्यावर मी सुईणीला विचारलं, "बेंबी उघडली का हो?" ती बाई हसून हसून खालीच बसली. आणि ज्या नवऱ्याचं नाव मला उखाण्यात घ्यायला लाज वाटायची, त्याला नाव घेऊन अशा शिव्या घातल्या की ते नाव गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ झालं. अशी मी शहाणी.

आत एकच बाई

दवाखान्यात कळांच्या खोलीत सोबतीला एकच बाई सोडतात. सुनंदा पिशवी घेऊन पुढं झाली, तर ऋतुजा म्हणाली, "आईला नको. ती रडती, मग मलाच तिची समजूत काढावी लागती. आज्जीला द्या."

दारातल्या सिस्टरनं मला खालून वर बघितलं. त्या शेळके सिस्टर. अंगानं थोराड, आवाज खणखणीत, आणि त्या दिवशी सर्दीनं बेजार. मास्कच्या आत शिंकायच्या आणि स्वतःलाच सॉरी म्हणायच्या.

"आज्जी, झेपंल का तुम्हाला? ऐकू येतं का?"

"जोरात बोललीस तर येतं."

"मग काळजी न्हाय. माझ्याबद्दल सगळ्यांची तीच तक्रार असती."

तिनं ऋतुजाला डाव्या कुशीवर निजवलं, पोटाला गार जेल लावलं आणि हातात मावेल एवढं मशीन टेकवलं. आधी नुसती खरखर आली. मग एकदम ठोके सुरू झाले. मला, ह्या बहिऱ्या बाईला, लख्ख ऐकू आले.

"लई पळतंय की हे! कुणी मागं लागलंय का त्याच्या?"

"असंच असतं, आज्जी. त्यांचं काळीज आपल्यापेक्षा जोरात पळतं."

ऋतुजा उशीवरून हसली. "आज्जीला ऐकू आलं म्हंजे पक्कंच हाय."

शेळके सिस्टरची एक पद्धत होती. ती कळ येईपर्यंत पोटावर हात ठेवून थांबायची. कळ चढायची, उतरायची, आणि उतरली की ती ऐकायची. कळेत बाळ दम धरून बसतं, कळ गेल्यावर त्यानं परत वेग धरला का ते बघायचं असतं, असं तिनं सांगितलं. आणि ऐकताना तिचा दुसरा हात ऋतुजाच्या मनगटावर असायचा.

मी विचारलं, "नाडी कशाला बघतीस दर वेळी? काळीज तर ऐकतीयस."

"मशीन येडं असतं, आज्जी. कधी कधी आईचेच ठोके पकडून दाखवतं. म्हणून आईची नाडी हातात ठेवायची. दोन्ही येगळे हायेत ना, बघायचं."

ऋतुजाचं बीपी बघून मॅडम, म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणाल्या की हिला मोठं मशीन सारखं लावून ठेवा. मग पोटावर दोन पट्टे आले. एक ठोक्यांचा, एक कळांचा. मशीनमधून कागदाची पट्टी सरकत बाहेर यायला लागली, तिच्यावर डोंगर-टेकड्या उमटत होत्या. ठोके आता खोलीभर ऐकू येत होते.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. सिस्टर शेजारच्या पडद्याआडच्या बाईकडं गेली. मी ते पट्टे बघत बसले. पोरीचं पोट, त्यावर आवळून बांधलेले दोन पट्टे, आणि घरी तिची आई हळदीच्या डब्याचं झाकण काढून आलेली. सकाळपासून सुनेला हसले, आणि माझ्या हातानं काय करावं? ठोक्यांच्या पट्ट्याची पकड जराशी सैल केली. अगदी जराशी.

आवाज बंद.

शेळके सिस्टर पडद्यातून अशी आली की पडदा तिच्या खांद्यावर आला. "पट्टा कुणी सोडला?"

मी छताकडं बघितलं. ऋतुजा म्हणाली, "आज्जीनं."

"आज्जी!"

"आवळलेलं नसावं म्हणत्यात गं बाळंतिणीला…"

सिस्टरनं पट्टा नीट बसवला, ठोके परत आले, पहिल्यासारखेच पळत. मग ती माझ्याकडं वळली. मला वाटलं आता बाहेर काढते. तर म्हणाली, "तुमच्या लुगड्याची गाठ सोडा फारतर. ह्याला हात लावायचा न्हाय." आणि शिंकली. ऋतुजाला कळेतसुद्धा हसू आवरेना.

तिचं त्या दिवशीचं ते शेवटचं हसू. म्हणून एवढं सांगितलं.

लागेनात

दुपार व्हायला आली होती. ऋतुजानं माझा हात धरला आणि म्हणाली, "आज्जी, ही कळ जाईना."

मी म्हटलं, "जातीय, जातीय. श्वास घे."

"जाईना म्हणते ना! उतरतच न्हाय."

मी पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं कडक. आणि ठोक्यांचा आवाज बदलत होता. चक्कीत मोठं काही अडकलं की इंजिन आधी दबकतं, मग अंग ओढत चालतं. तो आवाज मी जन्मभर ऐकलेला. मी हाक मारायच्या आधीच सिस्टर येऊन पोचली होती. ठोके ओढत ओढत गेले आणि बंद पडले.

सिस्टरनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"ह्या खेपेला म्या हात लावला न्हाय," मी म्हणाले.

मग एकदम माणसं झाली. मॅडम आल्या, सलाईन लागलं, तोंडावर ऑक्सिजन आला. कुणीतरी ऑपरेशनची तयारी करा म्हणून ओरडलं. सिस्टरनं पट्टा काढून टाकला, हातातलं मशीन घेतलं आणि पोटावर शोधायला लागली. बेंबीच्या खाली, बाजूला, वर. नुसती खरखर. चादरीवर रक्त दिसलं.

ती म्हणाली, "मॅडम, ठोके लागत नाहीत."

आता आमच्या घरात फोन लागत नाही. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं की लागतो. लागत नाही म्हणजे समोरचं माणूस नाही असं नव्हे, रेंज नाही एवढंच. माझ्या डोक्यात तेच आलं आणि मी बोलून गेले, "कूस बदला तिची. ह्या अंगाला लागत नसंल तर त्या अंगाला लागंल."

कुणी हसलं नाही. आणि सिस्टरनं खरंच तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं. परत जेल, परत मशीन. आणि लागले! ठक, ठक, ठक.

"लागले! लागले की गं!" मी टाळीच वाजवली.

सिस्टरची बोटं ऋतुजाच्या मनगटावर होती. ती माझ्या कानाजवळ आली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हळू बोलली. तरी मला ऐकू आलं.

"आज्जी, हे तिचे स्वतःचे हायेत."

मॅडम खाली बसल्या

मग सोनोग्राफीचं मशीन आणलं. मॅडमनी त्या मशीनच्या पडद्यावर नीट बघितलं. त्यांनी मला बाहेर बोलावलं नाही, दत्ताला बोलावलं नाही. स्टूल ओढलं, ऋतुजाच्या तोंडासमोर बसल्या आणि तिलाच सांगितलं. ह्या एका गोष्टीबद्दल मी त्यांना जन्मभर दुवा देईन. सगळ्या गावाला आधी आणि आईला शेवटी, असं केलं नाही त्यांनी.

"ऋतुजा, बाळाचं हृदय थांबलंय. वार गर्भाशयापासून आधीच सुटली. बाळाला रक्त पोचणं बंद झालं. फार लवकर झालं सगळं. आता ऑपरेशन करून बाळाला उपयोग नाही, आणि तुला धोका जास्त आहे. कळा चांगल्या आहेत, तशीच मोकळी होशील."

ऋतुजानं विचारलं, "मग ह्या कळा कशाला येत्यात?"

शेळके सिस्टरनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. "त्याला बाहेर तर आणायचंय ना. दुसरं कोण आणणार? तूच आणणार. मी हाय."

मोठं मशीन बंद करून कोपऱ्यात सारलं. तेव्हा कळलं, शेजारच्या पडद्याआडून दुसऱ्या बाईच्या बाळाचे ठोके ऐकू येत होते. मघापासून येत असतील, आमच्यात मिसळून गेले होते. आता ते एकटेच. पळतायत आपले. ऋतुजानं उशीत कान दाबला. सिस्टर पडद्याच्या आत गेली आणि आवाज कमी झाला. पलीकडच्या बाईची आई विचारत होती, "का वो, का कमी केला?" सिस्टरनं तिला काय सांगितलं कोण जाणे. ती म्हातारी नंतर एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या लेकीला मुलगा झाला तरी मोठ्यानं हसली नाही.

रक्ताची पिशवी लागली. मग दुसरी. दत्ता आणि त्याचा मित्र रक्त द्यायला पळाले. मी ऋतुजाच्या डोक्याशी उभी होते. सिस्टर म्हणाली की जोर कर, पोरीनं केला. थांब म्हणाली, थांबली. एवढ्या कष्टानं तिनं ते काम पुरं केलं, आणि तिला माहीत होतं काय होणार आहे. माझ्यासारखी एक शिवी दिली नाही तिनं. दिली असती तर बरं झालं असतं.

मुलगी झाली. मला माहीत होतं ती रडणार नाही. तरी मी कान लावून बसले.

ज्याची त्याची चूक

इथं जरा थांबून एक सांगते.

मी मॅडमना जाऊन विचारलं, "मॅडम, म्या मघाशी पट्टा सोडला, त्यानं तर…" त्या म्हणाल्या, "नाही, आज्जी. पट्टा नुसता ऐकतो. तुम्ही तो सोडला नसता तरी हेच झालं असतं."

बाहेर व्हरांड्यात सुनंदा डोकं भिंतीला टेकून बसली होती. सोनारीच्या भैरवनाथाला हाका मारून तिचा घसा बसला होता. मला म्हणाली, "आत्या, माझ्यामुळं झालं. कपाटाच्या वरच्या पेटीचं कुलूप राहिलं. किल्लीच सापडली न्हाय." आणि ऋतुजा नंतर पंधरा वेळा विचारायची, मी परवा पाण्याची घागर उचलली त्यानं का, त्या रात्री उजव्या कुशीवर झोपले त्यानं का. दत्ताचं म्हणणं, जीप खड्ड्यात आदळली.

प्रत्येकानं आपापली चूक शोधून पदरात बांधून घेतली होती. कुणाचीच नव्हती. मॅडमनी तसं सगळ्यांना परत बोलावून सांगितलं. बीपी वाढलेल्या बाईची वार अशी सुटू शकते, कधी कधी बीपी नसलेल्या बाईचीही. तुमच्या घरात असं झालं असेल तर हे एकमेकांना सांगा. एकदा सांगून पटत नाही, रोज सांगावं लागतं.

माया लागंल

शेळके सिस्टरनं पोरीला कोमट पाण्यानं पुसलं. सुनंदानं शिवलेलं दुपटं पिशवीत होतं, त्यातच गुंडाळलं. जिवंत लेकराला गुंडाळतात तसंच, डोक्यावरून घेऊन. मग दाराशी आली, तर तिथं दत्ता उभा. डोळे लाल.

"द्या, सिस्टर. आमी घेऊन जातो. दिवस हाय तोवर रानात नेऊन ठेवतो. तिला दाखवू नका."

सुनंदापण म्हणाली, "नका दाखवू वो, सिस्टर. तोंड बघितलं की माया लागंल."

सिस्टर म्हणाली, "तिला विचारू द्या मला."

"तिला काय कळतंय आत्ता?" दत्ता म्हणाला. "आई, तू तरी सांग ह्यांना. आपल्यात दाखवत न्हाईत ना?"

आपल्यात दाखवत नाहीत, हे खरं. मला पण दाखवलं नव्हतं.

बेंबी उघडली का म्हणून विचारणारी, नवऱ्याला शिव्या देणारी ती सतरा वर्षांची येडी, तिचं लेकरूही रडलं नव्हतं. सासूबाईंनी पदराखाली घेतलं आणि मागच्या दारानं गेल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही कुणीतरी तेच शिकवलं होतं. मला म्हणाल्या, "भिंतीकडं तोंड कर आणि झोप." आणि मी केलं! गुणाची सून ना. आठ दिवसांत परत जात्यावर बसले, कुणी चौकशी केली तर मानेनं बरं आहे म्हणायचे. त्या सतरा वर्षांच्या पोरीची मी नंतर लई टिंगल केली, तिच्या बेंबीवरून नातवंडांना हसवलं. पण एक गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. ते लेकरू मुलगा होता का मुलगी, हे मला माहीत नाही. विचारायचं सुचलंच नाही. पुढं दत्ता झाला, मोठा झाला, तेव्हा एकदा धीर करून सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता काय करायचंय?" आणि शेंगा फोडत राहिल्या. आता त्या नाहीत, सुईण नाही, विचारायला कुणी नाही.

तोंड बघितलं नाही म्हणून माया लागली नाही, असं झालं का? मी गिरणीवर दळण घेऊन आलेल्या पोरापोरींची तोंडं बघायचे. ह्याच्याएवढं असतं. हिच्यासारखं असतं. तोंड नव्हतं, म्हणून कुणाचंही तोंड चालायचं.

हे सगळं मी दत्ताला त्या दारात सांगितलं नाही. तेवढा दम नव्हता. मी एवढंच म्हणाले, "दत्ता, नऊ महिने माया लागलीय. आज लागायची राहिलीय का? बाजूला हो."

तो बाजूला झाला नाही. मग मीच सिस्टरच्या दंडाला धरून त्याच्या शेजारून आत गेले. लेकरू तिच्या हातात, आणि ती माझ्यामागून.

नाक

ऋतुजा भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला ते बघवेना.

सिस्टर म्हणाली, "ऋतुजा, बाळ माझ्याजवळ हाय. मुलगी हाय. तुला बघायची असंल तर बघ. नको असंल तर नको. आत्ता नको म्हणालीस आणि नंतर वाटलं, तरी चालंल. घाई न्हाय."

भिंतीकडंच तोंड ठेवून ती म्हणाली, "आज्जी, तू बघ आधी. कशी दिसती सांग. भ्या वाटंल असं काही हाय का?"

मी दुपटं बाजूला केलं. काही भ्या वाटण्यासारखं नव्हतं. ओठ जरा काळसर. केस दाट, ओले, कपाळाला चिकटलेले. झोपल्यासारखी असं म्हणतात, तशी नव्हती. झोपलेलं लेकरू हलतं. पण सुंदर होती.

मी रडायला लागले तर ती वळणार नाही, एवढं कळत होतं. म्हणून जे खरं दिसलं तेच सांगितलं. "नाक तुझ्या बापाचं आलंय. फेंदारलेलं. माझ्याकडून दत्ताला, दत्ताकडून तुला, तुझ्याकडून हिला. एक पिढी सोडली न्हाय त्या नाकानं."

तिच्या पाठीला हिसका बसला. हसली का हुंदका दिला, मला कळलं नाही. ती वळली.

"आण."

सिस्टरनं तिच्या दंडाखाली उशी दिली आणि लेकरू हातात ठेवलं. पडदा ओढला आणि बाहेर उभी राहिली. कुणी आत यायला लागलं की तिचा खणखणीत आवाज यायचा, "आत्ता न्हाय!"

ऋतुजानं दुपटं उघडून सगळं बघितलं. पावलं, गुडघे, कान. कानाच्या मागं बघितलं. नखं जरा वाढलेली होती, ती बोटानं चाचपून बघितली. "आज्जी, नखं आलीत की हिला," म्हणाली. मग कितीतरी वेळ नुसती मांडीवर घेऊन बसली.

अक्षय येईपर्यंत

सकाळी कळा सुरू झाल्या तसा जावई पुण्याहून निघाला होता. त्याला काय सांगायचं आणि कुणी सांगायचं? दत्तानं फोन लावला, तो लागेना. लागला तेव्हा अक्षय टेंभुर्णीच्या पुढं आला होता, आणि हसत म्हणाला, "अप्पा, साधे पेढे घेऊ का कंदी?" दत्तानं फोन सुनंदाच्या हातात दिला आणि व्हरांड्याच्या टोकाला निघून गेला. त्यानंतर दत्ता परत एकदाही म्हणाला नाही की दिवस मावळायच्या आत नेतो. मला म्हणाला, "बापाला बघू दे."

थांबलो. सिस्टरनं खोलीच्या कडेचा एक पलंग दिला, नव्या बाळंतिणींच्या रांगेत नव्हे. आणि थांबलेल्या वेळात तिनं ऋतुजाला अशी गोष्ट सांगितली जी मला, एवढी म्हातारी होऊन, सांगायला सुचली नसती. "दोन-तीन दिवसांनी दूध येईल तुला. शरीराला कळत न्हाय बाळ न्हाय ते. घाबरू नको. दाबून काढू नको, अजून येतं. गार पाण्याच्या घड्या ठेव. मॅडम गोळी लिहून देतील. आणि रडू आलं तर रड."

दूध आलंच. घरी आल्यावर, पहाटे, पोलकं भिजलेलं. सिस्टरनं सांगितलं नसतं तर ती पोर तिथंच वेडी झाली असती. गार घड्या मी ठेवल्या, आणि दूध आटावं म्हणून, माझ्या मनानंच, मोगराही बांधला. सुनंदानं शेजारणींना दारातूनच परत पाठवलं, त्या "दुसरं होईल" म्हणायला आल्या होत्या. आमची सुनंदा, जी उठता बसता रडते, ती कंबरेवर हात देऊन दारात उभी राहिली, आणि म्हणाली, "ही झालीय ना आधी. हिचं रडून तर होऊ द्या." मी माझ्या सुनेला पहिल्यांदा भ्याले.

अक्षय आला तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगात कंपनीचा शर्ट तसाच. तो पडद्याशी थांबला, आत यायचा धीर होईना. ऋतुजानंच हाक मारली, "या. बघा तरी." तो पलंगाच्या कडेला टेकला. तिनं लेकरू त्याच्याकडं दिलं आणि नाकाबद्दल सांगितलं, मी सांगितलं तसंच. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला. मग दोघंही माझं अस्तित्व विसरले. मी पाठ फिरवून सलाईनच्या थेंबांकडं बघत बसले. बहिरी असण्याचा तेवढा एक फायदा, काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

काही वेळानं पडद्याबाहेरून दत्ताचा घसा खाकरल्याचा आवाज आला. सिस्टर आत आली आणि नुसती उभी राहिली. घाई न्हाय, असं परत म्हणाली नाही. आता वेळ झाली हे सगळ्यांना कळत होतं.

ऋतुजानं दुपटं नीट केलं. टोक डोक्यावरून ओढलं, पायाकडून खोचलं. दत्ता आत आला, पिशवी उचलायला वाकावं तसा वाकला आणि दोन्ही हात पुढं केले. जन्मभर जमीन कसणारे हात, पण ते कसे धरावेत हे त्याला कळेना.

ऋतुजानं लेकरू लगेच दिलं नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "असं न्हाय. मान धरा तिची."

दत्तानं हात मागं घेतला, पँटीला पुसला, आणि लेकराच्या मानेखाली घातला.